एम.एससी. की सही? विमागणिताच्या शिक्षणाचा गोंदियातून आढावा

विम्याच्या हप्त्याचा दर योग्य आहे, पुढच्या दाव्यांसाठी कंपनीने बाजूला काढलेली रक्कम पुरेशी आहे, असे भारतात लिहून देण्याचा अधिकार कोणत्याही विद्यापीठाच्या एम.एससी.ने मिळत नाही. तो इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया या संस्थेच्या अनुभवी फेलोकडे असतो आणि फेलो व्हायला पदव्युत्तर पदवीची अट नाही. बारावी झालेला विद्यार्थी प्रवेशपरीक्षा देऊन संस्थेत दाखल होतो आणि एकेक पेपर काढत त्या सहीपर्यंत जाऊ शकतो. तरीही ‘ॲक्च्युअरिअल सायन्समध्ये मास्टर्स करायचंय’ हे वाक्य आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाही. गोंदिया, तिरोडा, आमगावकडेही ते कानावर येते, आणि बहुतेक वेळा त्यामागे कुठल्या तरी खासगी विद्यापीठाची चकचकीत जाहिरात असते.

तेव्हा प्रश्न असा आहे. गोंदियातल्या गणित आवडणाऱ्या मुलाने किंवा मुलीने ही पदवी घ्यावी का, घ्यायची तर कुठून, आणि त्या दोन वर्षांत असे काय हाती लागते जे नुसत्या परीक्षा देऊन लागत नाही? माझे मत आधीच सांगतो. पदवी घ्यावी, पण तिच्या नावासाठी घेऊ नये. ज्या एका गोष्टीसाठी ती घेण्यासारखी आहे, ती माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते.

विमागणित हा विषय जुना आहे. धूमकेतूमुळे ज्याचे नाव घरोघरी गेले त्या एडमंड हॅलेने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून एक सारणी तयार केली आणि अमुक वयाच्या माणसाला आयुष्यभर वर्षासन द्यायचे तर आज किती रक्कम घ्यावी, हे काढून दाखवले. वयाप्रमाणे हप्ता ठरवण्याची कल्पना जेम्स डॉडसन या गणिताच्या शिक्षकाने मांडली. ती अमलात आणणारी इक्विटेबल सोसायटी लंडनला १७६२ मध्ये निघाली, तोवर डॉडसन वारलाही होता. आपल्याकडे हे गणित आले ते परक्यांच्या सारण्या घेऊन. एकोणिसाव्या शतकात युरोपीय कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवायला नाखूश असत, आणि उतरवला तर जादा हप्ता घेत. मुंबईत १८७० च्या सुमारास निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हिंदी आयुष्यांचा विमा नेहमीच्याच दराने उतरवायला सुरुवात केली, म्हणून तिचे नाव इतिहासात राहिले. १९१२ च्या कायद्याने हप्त्यांचे तक्ते आणि कंपनीचे ठरावीक काळाने होणारे मूल्यमापन ॲक्च्युअरीने, म्हणजे विमागणितज्ञाने, प्रमाणित करणे सक्तीचे केले. पुढे १९३८ चा विमा कायदा आला.

यात एक मराठी नाव ठळक आहे. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली ती अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी. २४५ विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या एका छत्राखाली आल्या आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. त्या दिवशी देशमुख मंत्री नव्हते. मुंबई महाराष्ट्राला देण्याच्या प्रश्नावर त्यांनी जुलैतच मंत्रिपद सोडले होते.

राष्ट्रीयीकरणाचा विमागणितावर झालेला परिणाम फारसा कोणी सांगत नाही. आयुर्विमा कंपनी एकच, ती म्हणजे महामंडळ, म्हणजे ॲक्च्युअरीला नोकरी देणाराही जवळपास एकच. सर्वसाधारण विमाही १९७३ पासून सरकारी झाला. त्यामुळे चार दशके हा पेशा भारतात लहानच राहिला आणि त्यातल्या हुशार लोकांनी लंडनची परीक्षा देऊन बाहेरची वाट धरली. १९९९ च्या विमा नियामक कायद्यानंतर खासगी कंपन्या आल्या, प्रत्येक कंपनीला ‘नियुक्त ॲक्च्युअरी’ ठेवणे बंधनकारक झाले आणि एकाएकी माणसे कमी पडू लागली. ती टंचाई अजून पुरती संपलेली नाही. देशातील फेलोंची संख्या आजही शेकड्यांतच मोजावी लागते. जाहिरातवाले नेमके इथेच बोट ठेवतात. टंचाई सहीवाल्यांची आहे, पदवीवाल्यांची नाही, हे मात्र ते सांगत नाहीत.

सहीची वाट कशी आहे ते पाहू. १९४४ मध्ये स्थापन झालेली ॲक्च्युअरिअल सोसायटी ऑफ इंडिया २००६ च्या ॲक्च्युअरीज कायद्याने सध्याच्या संस्थेत रूपांतरित झाली. तिचे कार्यालय नवी मुंबईत सीवूड्सला आहे. २०१२ पासून प्रवेशासाठी ‘एसेट’ ही सामाईक परीक्षा आहे: गणित, संख्याशास्त्र, आकडेवारीचा अर्थ लावणे, तर्क आणि इंग्रजी. ती फार कठीण नाही. बारावीचे गणित पक्के असेल तर चार-सहा महिन्यांच्या तयारीत निघते. खरा डोंगर पुढे आहे. २०१९ पासूनच्या रचनेत एकूण तेरा विषय आहेत. संख्याशास्त्राचे दोन, विमागणिताचे दोन आणि वित्त, अर्थशास्त्र व व्यवसायाचे तीन हा पाया. त्यावर प्रत्यक्ष कामाचे तीन, मग निवडलेल्या शाखेचे दोन आणि शेवटी एक प्रगत पेपर. पाया आणि प्रत्यक्ष कामाचे मिळून दहा झाले की असोसिएट, तेरा झाले की फेलो, आणि जोडीला कामाचा अनुभव. परीक्षा वर्षातून दोनदा. काही पेपरांत बसलेल्यांपैकी बहुतेक जण नापास होतात आणि त्याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. नोकरी सांभाळून हे सगळे करायला सात-आठ वर्षे सहज जातात. घरात सी.ए. करणारा कोणी असेल तर त्याच्या आईला विचारा, हा प्रकार तिला समजावून सांगावा लागणार नाही.

आता एम.एससी.कडे वळू. भारतात ‘एम.एससी. ॲक्च्युअरिअल सायन्स’ या नावाची पदवी देणाऱ्या जागा दक्षिणेत अधिक आहेत. मद्रास विद्यापीठ, तिरुचिरापल्लीचे बिशप हिबर महाविद्यालय, केरळ विद्यापीठाचा लोकसंख्याशास्त्र विभाग ही जुनी नावे. उत्तरेत ॲमिटीसारखी खासगी विद्यापीठे आहेत. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत एम.स्टॅट. करताना विमागणिताचे विषय निवडता येतात, पण तिथे प्रवेश मिळवणे हीच एक परीक्षा आहे. पुण्यात बालेवाडीला राष्ट्रीय विमा अकादमी आहे. तिचा भर विमा व्यवस्थापनावर अधिक आहे.

महाराष्ट्रातली खरी भक्कम वाट मात्र वेगळ्या नावाने जाते: एम.एससी. संख्याशास्त्र. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात प्राध्यापक राहिलेल्या शैलजा देशमुख यांचे ‘ॲक्च्युअरिअल स्टॅटिस्टिक्स’ हे पुस्तक २००९ मध्ये आले. आयुर्विम्याचे सगळे गणित ‘आर’ या संगणकभाषेत करून दाखवणारे ते पाठ्यपुस्तक आहे. पाठोपाठ २०१२ मध्ये एकाहून अधिक कारणांनी विमा संपण्याच्या प्रतिमानांवर त्यांचे दुसरे पुस्तक स्प्रिंगरने काढले. गोंदियाच्या विद्यार्थ्यासाठी यातली मोलाची गोष्ट अशी की ‘आर’ फुकट आहे. साध्या लॅपटॉपवर चालते, परवाना लागत नाही, आणि संस्थेच्या संख्याशास्त्राच्या दोन्ही पेपरांत ती विचारतात. महागड्या सॉफ्टवेअरची प्रयोगशाळा दाखवून फी घेणाऱ्यांना विचारावे, की परीक्षेत नेमके काय वापरायचे आहे?

नागपूर विद्यापीठाच्या पदव्युत्तर संख्याशास्त्र विभागातही एम.एससी. आहे, आणि गोंदियाहून नागपूर रेल्वेने दोन-अडीच तासांवर. गोंदिया शिक्षण संस्थेच्या धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयात गणित घेऊन बी.एससी. केलेला विद्यार्थी तिकडे जाऊ शकतो. पुणे गाठायचे तर गोंदियाहूनच सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, मुंबईसाठी विदर्भ एक्सप्रेस. अंतराची अडचण कोणी फुगवून सांगू नये. या जिल्ह्यातली पोरे याच गाड्यांनी वर्षानुवर्षे शिकायला जात आली आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची ऑनर्स पदवी झाली तर एम.एससी. एका वर्षाची होऊ शकते. ज्यांना पैशाचा आणि वयाचा हिशेब करावा लागतो त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

एम.एससी.मध्ये शिकवतात काय? संभाव्यता, अनुमान, टिकाव-विश्लेषण, मार्कोव्ह साखळ्या, काल-श्रेणी, जोखीम सिद्धान्त, व्याजाचे गणित, आयुर्विम्याचे गणित. यातला निम्म्याहून अधिक भाग संस्थेच्या पायाभूत पेपरांत जसाच्या तसा आहे. म्हणजे पदवी करताना त्या पेपरांची तयारी आपोआप होते, हे खरे. पण तयारी होणे आणि पेपर सुटणे यांत फरक आहे. ‘आमच्या पदवीमुळे अमुक पेपरांतून सूट मिळते’ असे कोणी सांगितले तर ती सूट कोणती संस्था देते, किती गुणांवर देते आणि कोणत्या वर्षापर्यंत देते, हे संस्थेच्या कागदावर पाहावे. विद्यापीठाच्या पत्रकावर विसंबू नये.

परदेशात चित्र थोडे निराळे आहे. एडिंबराचे हेरियट-वॉट, लंडनचे पूर्वी कास म्हणून ओळखले जाणारे बेज बिझनेस स्कूल, केंट विद्यापीठ, कॅनडातले वॉटर्लू, ऑस्ट्रेलियातली दोन-तीन विद्यापीठे या नामांकित जागा. ब्रिटनमधल्या पदव्यांना तिथल्या संस्थेची मान्यता असते आणि ठरावीक गुण मिळाले तर काही पेपर माफ होतात. ही सोय खरी आहे. पण एका वर्षाची शिकवणी फीच आजच्या दराने पंचवीस लाखांच्या पुढे जाते, राहणे-खाणे वेगळे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आदिवासी आणि इतर मागास विद्यार्थ्यांसाठीही राज्याच्या योजना आहेत. मात्र त्यांना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते आणि इथे एक विचित्र पेच पडतो. विमागणितासाठी ज्यांचे नाव घेतात ती विद्यापीठे सर्वसाधारण क्रमवारीत नेहमी वर नसतात. अर्ज करण्याआधी दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. अमेरिकेत तर बहुतेक जण नुसत्या पदवीवर परीक्षा देत या पेशात शिरतात. आपल्याकडून जाणाऱ्याला तिथली पदव्युत्तर पदवी लागते ती मुख्यतः व्हिसासाठी. कर्ज काढून जाणाऱ्याने हे स्वतःशी स्पष्ट कबूल केलेले बरे.

इथवरचा आढावा भंडारा, सांगली, लातूर कुठल्याही जिल्ह्याला लागू पडेल. गोंदियाचे वेगळेपण धानात आहे.

या जिल्ह्यात विमा म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर पीक विमा येतो. त्याच्या मुळाशीही एक मराठी माणूस आहे. १९७२ पासून गुजरातेत एच-४ कापसावर शेतकरीनिहाय विमा करून पाहिला, तो परवडला नाही. प्रत्येकाच्या शेतात जाऊन नुकसान मोजणे शक्य नव्हते आणि हप्त्याच्या मानाने दावे फार झाले. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकरांनी १९७६ मध्ये दुसरी पद्धत मांडली. शेतकरी नव्हे, क्षेत्र हा घटक धरा. सारखी जमीन, सारखा पाऊस असलेल्या भागाचे सरासरी उत्पादन मोजा. ते ठरलेल्या पातळीच्या खाली गेले तर त्या भागातल्या सगळ्या विमेदारांना सारख्या प्रमाणात भरपाई द्या. १९७९ चा प्रायोगिक विमा, १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, सगळ्यांची हाडे दांडेकरांचीच.

हे गणित जवळून पाहू. समजा एका महसूल मंडळात पीक कापणी प्रयोगांनुसार मागच्या सात वर्षांत धानाचे हेक्टरी उत्पादन असे आले: २८, ३१, १२, ३०, २७, ३३ आणि ९ क्विंटल. (आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे.) उत्तम पाच वर्षांची सरासरी २९.८. जोखीमस्तर ७० टक्के धरला तर उंबरठा उत्पादन २०.८६ क्विंटल. यंदा मंडळाची सरासरी १६ आली, तर तूट ४.८६ क्विंटल, म्हणजे उंबरठ्याच्या २३.३ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार असेल तर भरपाई सुमारे ११,६५० रुपये. एखाद्याची बांधी (धानाचे शेत) तुडतुड्याने साफ झाली असली आणि शेजारच्या गावात पीक बरे आले असले, तरी त्याला मिळणार मंडळाच्या सरासरीप्रमाणेच. शेतकऱ्याचा सगळा राग याच ठिकाणी असतो आणि तो समजण्यासारखा आहे. दांडेकरांनी ही किंमत जाणूनबुजून मोजली होती.

आता ॲक्च्युअरीचा प्रश्न: हप्ता किती? त्याच सात वर्षांना आजचा उंबरठा लावला, तर दोन वर्षी भरपाई द्यावी लागली असती. १२ क्विंटलच्या वर्षी ४२.५ टक्के, ९ च्या वर्षी ५६.९ टक्के. दोन्हींची बेरीज सातांनी भागली की १४.२ टक्के. म्हणजे कंपनीचा खर्च, नफा, पुनर्विमा काहीही न धरता हेक्टरी ७,१०० रुपये. खरिपात शेतकऱ्याने द्यायचे दोन टक्के, म्हणजे हजार रुपये. उरलेले ६,१०० केंद्र आणि राज्याने निम्मे-निम्मे भरायचे. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा वाटाही एक रुपयावर आणला होता, २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली. यात गणित बदलले नव्हते, पैसे कोणाच्या खिशातून जायचे एवढेच बदलले होते.

पण १४.२ या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? ९ क्विंटलचे ते एक वर्ष सातांच्या खिडकीतून बाहेर गेले आणि त्याजागी २९ आले, असे धरून पाहा. उंबरठा २१.१४ होतो, भरपाईचे वर्ष एकच उरते आणि दर एकदम ६.२ टक्क्यांवर येतो. एक वर्ष सरकले की दर निम्म्याहून खाली. सात आकड्यांवर कोट्यवधींच्या निविदा भरायच्या असतात, आणि कंपन्या जिल्ह्यांच्या समूहासाठी भाव लावतात तेव्हा हाच डळमळीतपणा त्या भावात शिरतो. तो कसा सावरायचा, शेजारच्या मंडळांच्या अनुभवातून किती ‘भरवसा’ उसना घ्यायचा, गोंदिया आणि बालाघाटात एकाच वर्षी पाऊस दगा देतो तेव्हा जोखीम कशी बेरजेने वाढते, याला शास्त्र आहे. ते एम.एससी.च्या तिसऱ्या-चौथ्या सत्रात शिकवतात. कंपनीचा नफा आणि तोटा दोन्ही मर्यादेत ठेवणारा ८०:११० चा ‘बीड पॅटर्न’ हे त्या डळमळीतपणावर प्रशासनाने शोधलेले उत्तर होते. दावे हप्त्याच्या ८० टक्क्यांखाली राहिले तर कंपनीने वीस टक्के ठेवून बाकी सरकारला परत करायचे, ११० च्या वर गेले तर वरचा भार सरकारचा. हिशेबाच्या दृष्टीने ही युक्ती सुटसुटीत आहे. दर मुळात बरोबर होता का, हा प्रश्न मात्र तिच्यामुळे मागे पडतो.

आणखी एक ताजी गोष्ट. खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान आणि धान पाण्याखाली जाणे या जोखमी योजनेत घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. नवेगाव-नागझिऱ्याच्या कडेची गावे रानडुकरांशी किती वर्षे झुंजत आहेत हे अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनीत कोणीही सांगेल. पण रानडुकराचा दर काय? जंगलापासूनचे अंतर, पीक निसवण्याचा काळ, कुंपण, वनविभागाकडे झालेल्या तक्रारी यांतून तो बांधावा लागेल. त्यासाठी तयार सारणी कुठेच छापलेली नाही.

माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावरची बारीक अक्षरातली गोष्ट हीच: प्रबंध. संस्थेच्या परीक्षा तुम्हाला जगभर मान्य असलेल्या सारण्या आणि सूत्रे वापरायला शिकवतात. आपल्या जिल्ह्याचा प्रश्न घेऊन, आकडे गोळा करून, त्यांच्याशी दोन सत्रे झटापट करण्याची सवड त्या देत नाहीत, एम.एससी. देते. महसूल मंडळांचे पीक कापणीचे आकडे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयातून किंवा माहितीच्या अधिकारात मिळू शकतात. मामा (माजी मालगुजारी) तलावाखालची बांधी आणि कोरडवाहू बांधी यांची जोखीम एकाच दराने मोजणे कितपत योग्य आहे? हा विषय पुण्यातल्या विद्यार्थ्याला सुचणारच नाही, कारण त्याने मामा तलाव पाहिलेला नाही.

आयुर्विम्यातही तेच आहे. महामंडळाने १९७०-७३, १९७५-७९, १९९४-९६ अशा सारण्या केल्या, नंतर संस्थेने २००६-०८ आणि २०१२-१४ च्या केल्या. या सगळ्या विमा उतरवलेल्या माणसांच्या मृत्यूंवरून बांधलेल्या आहेत. विमा न उतरवलेला देवरी-सालेकशातला आदिवासी शेतमजूर त्यात जवळपास नाही. जनगणना खात्याच्या नमुना नोंदणीवरून राज्याची जीवनसारणी मिळते, जिल्ह्याची मिळत नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल ठिकठिकाणी आहे. वाहक आणि रुग्ण यांच्या आयुर्मानातला फरक विम्याच्या भाषेत नीट मांडणे हे मोठे आणि नाजूक काम आहे, कारण चुकीच्या हातात तेच गणित माणसाला विमा नाकारण्याचे हत्यार होते. बॉम्बे म्युच्युअलच्या काळातला जादा हप्ता आठवावा.

पेन्शन आणि ग्रॅच्युइटीबद्दल थोडक्यात. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या राईस मिलला ग्रॅच्युइटीचे देणे असते, आणि ताळेबंदात ते किती दाखवायचे हे मोठ्या आस्थापनांना ॲक्च्युअरीकडून काढून घ्यावे लागते. हे काम आज बाहेरगावी पाठवले जाते. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले जिल्हा परिषदेचे गुरुजी मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संपावर होते. त्या वेळी दोन्ही बाजूंनी जे आकडे फेकले गेले, त्यातले किती कोणी मूल्यमापन करून काढले होते, हे आजही विचारण्यासारखे आहे.

नोकऱ्यांचे वास्तव असे. गोंदियात राहून ॲक्च्युअरी म्हणून कामाला लागणे आज शक्य नाही. काम मुंबई, पुणे, बंगळूर, गुरुग्राम इथे आहे: विमा कंपन्या, पुनर्विमा कंपन्या, सल्लागार संस्था आणि परदेशी कंपन्यांची इथली कार्यालये. महामंडळ अधूनमधून ॲक्च्युअरिअल शाखेचे सहायक प्रशासकीय अधिकारी भरते आणि तिथे पदवीसोबत संस्थेचे काही पेपर सुटलेले असणे मागतात. लक्षात घ्या, पेपर मागतात. खासगी कंपनीच्या मुलाखतीतही पहिला प्रश्न ‘किती पेपर झाले?’ हाच असतो. एम.एससी. पूर्ण पण पेपर शून्य, असा उमेदवार तिथे अडतो. चार पेपर झालेला बी.एससी. पुढे जातो. उलट पेपर अर्ध्यावर सुटले आणि पुढे जमेना, असे पुष्कळांचे होते, तेव्हा संख्याशास्त्राची एम.एससी. हाताशी असली तर डेटा विश्लेषण, बँकांचे जोखीम विभाग, सेट-नेट देऊन अध्यापन हे रस्ते उघडे राहतात. ‘एम.एससी. ॲक्च्युअरिअल सायन्स’ या अरुंद नावाची पदवी तिथे तितकी चालत नाही. म्हणूनच सरकारी विद्यापीठातली, कमी फीची, संख्याशास्त्राची रुंद पदवी मी वर ठेवतो.

इंग्रजीची भीती खरी आहे. सगळे पेपर इंग्रजीत, आणि एक पेपर तर खास गुंतागुंतीचे गणित सामान्य माणसाला समजेल असे लिहिण्याचा आहे. मराठी, हिंदी, पोवारी अशा तीन भाषांत रोज वावरणाऱ्या गोंदियाच्या मुलाला ‘समजावून सांगणे’ हा भाग अवघड जाऊ नये. अडते ते लेखी इंग्रजी, आणि ते बी.एससी.च्या पहिल्या वर्षापासून रोज एक पान लिहून सुधारते. त्यासाठी क्लास लावायची गरज नाही.

तेव्हा ज्याला किंवा जिला हे करायचे असेल त्यांना एवढेच सांगणे. बी.एससी.च्या दुसऱ्या वर्षी ‘एसेट’ द्या. तिसऱ्या वर्षाच्या आत संख्याशास्त्राचा पहिला पेपर देऊन पाहा. सुटला, किंवा नापास होऊनही विषय आवडत राहिला, तरच पुढे जा. मग नागपूर किंवा पुण्याला संख्याशास्त्राच्या एम.एससी.ला प्रवेश घ्या, दोन वर्षांत आणखी तीन पेपर काढा आणि प्रबंधाला आपल्याच तालुक्याच्या धानाचा विषय मागा. मार्गदर्शक नाही म्हणाले तर वरची सात वर्षांची आकडेमोड त्यांच्यासमोर ठेवा. आणि कोणी पाच-सात लाख फी घेऊन ‘ॲक्च्युअरी बनवून देतो’ म्हणत असेल, तर पैसे भरू नका.